ओला-सुका दोन महिन्यांत बंद का पडतो? आधी कचरा उचलायला येणाऱ्या मावशींकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली १२० फ्लॅटची सोसायटी, नवीन कमिटीनं ओला-सुका वेगळा करायची मोहीम काढली, जिन्यात फलक लावले, ग्रुपवर रोज मेसेज टाकले, मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली, घरटी दोन डबे पण वाटले. पहिला महिना झकास गेला, दुसऱ्या महिन्यात ढिलाई आली आणि आता परत सगळं एकाच काळ्या पिशवीत. लोक म्हणतात नगरपरिषदेची घंटागाडी शेवटी सगळं एकत्रच नेते मग आम्ही कशाला मरायचं. तर आता दंड लावायचा, की खताचं मशीन घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सोळा-सतरा वर्षं हेच काम करतेय, पुण्यात आणि आसपासच्या दोन-तीन नगरपरिषदांमध्ये, वस्त्यांमध्ये पण केलंय आणि सोसायट्यांमध्ये पण. उत्तर लांबणार आहे. आधीच सांगून टाकते की दंड पण नको आणि मशीन पण नको, निदान आत्ता तरी.

तुम्ही हा प्रश्न शिस्तीचा म्हणून मांडलाय. पण पहिला महिना ह्याच लोकांनी नीट वेगळा करून दिला ना? म्हणजे कळतंय सगळ्यांना, जमतंय पण. मग दुसऱ्या महिन्यात काय झालं? मी पैजेवर सांगते, कुणीतरी सकाळी गॅलरीत चहा पीत उभं असताना खाली बघितलं असणार आणि आपले दोन्ही डबे एकाच ड्रममध्ये पालथे होताना दिसले असणार. ते एकदा दिसलं की संपलं, संध्याकाळपर्यंत अख्ख्या विंगला कळतं, मग तुम्ही शंभर फलक लावा.

डब्यांचं म्हणाल तर ती चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका वस्तीत तीनेकशे घरांना हिरवा आणि निळा असे दोन-दोन डबे वाटले, देणगीदार आणले, फोटो काढले. तीन महिन्यांनी घरोघर फिरले तर निळ्या डब्यात तांदूळ, हिरव्यात पिण्याचं पाणी, एका घरात तर निळ्यात गणपतीची भांडी नीट कापडात गुंडाळून ठेवलेली. मला तेव्हा राग आला होता, आता हसू येतं. बरोबरच होतं की त्यांचं! झाकणाचा चांगला डबा, तो कचऱ्याला कोण वापरेल, आणि कचरा न्यायला माणूस तीन दिवसांतून एकदा यायचा, तोही वेळ ठरलेली नाही. घरात ओला कचरा तीन दिवस ठेवायचा म्हणजे उंदीर आणि वास, तर लोक रात्री जाऊन कोपऱ्यावर टाकून यायचे. डबा हा त्यांचा प्रश्नच नव्हता, गाडी कधी येणार हा होता.

म्हणून मी कुठल्याही ठिकाणी गेले की फलक वगैरे बघत नाही, सकाळी साडेसातला जाऊन जिन्यात उभी राहते. कचरा घरातून बाहेर जातो ते दारातले वीस सेकंद बघायचे. घेणारी बाई झाकण उघडून बघते का? दोन वेगळ्या बादल्यांत घेते का? चुकीचं असेल तर बोलते का, आणि बोलली तर घरातला माणूस ऐकून घेतो का, की "तुला काय करायचंय, उचल" म्हणतो? कार्यक्रम चालणार की बंद पडणार ते ह्या वीस सेकंदांत कळतं.

एका सोसायटीत आमच्या एक मावशी होत्या, फार बोलायच्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड काकांच्या ओल्यात त्यांना दुधाची पिशवी दिसली. त्यांनी ती दोन बोटांनी काढली, त्यातलं राहिलेलं दूध निथळू दिलं, आणि काकांच्या हातात परत दिली, "उद्या धुवून द्या, हिचे पैसे येतात." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्यांच्या गॅलरीत दोरीवर चार पिशव्या चिमटे लावून वाळत घातलेल्या. माझ्या दोन तासांच्या सभेत हेच काका पेपर वाचत बसले होते.

आता ह्यात गंमत बघा, त्या मावशींनी ती पिशवी परत का दिली? पर्यावरणासाठी नाही. सुका माल विकून येणारा पैसा त्यांचा होता म्हणून. दुधाची पिशवी धुतलेली असेल तर भंगारवाला वेगळा भाव देतो, आंबलेली असेल तर एकतर घेत नाही नाहीतर मिक्समध्ये टाकून भाव पाडतो. पुठ्ठ्याचं पण तेच, कोरडा असेल तर ठीक, त्यावर आमटी सांडली की वजनात कट मारतो आणि फार भिजला तर सरळ बाजूला काढतो. म्हणजे ओलं आणि सुकं एकत्र आलं की पहिलं नुकसान त्या बाईच्या खिशाला, आपल्याला त्याचा पत्ता पण लागत नाही. जिथे हे नुकसान तिचं स्वतःचं असतं तिथे ती वर्गीकरणावर नजर ठेवते, फुकट आणि रोज. जिथे ती ठेकेदाराच्या पगारावर आहे आणि सुका माल गाडीबरोबर निघून जातो तिथे तिला काय फरक पडतो? तिची एवढीच इच्छा असणार की बादल्या लवकर रिकाम्या व्हाव्यात आणि घरी जाता यावं, माझी पण असती.

पुण्यात जे थोडंफार चाललं त्याचं मूळ इथे आहे. १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली (नावच बघा, जे विकलं जातं त्याची यादी आहे), आणि पुढे त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. मांडणी साधी आहे: घरटी महिन्याची ठरलेली फी थेट त्या सदस्य बाईला, सुक्या मालाचे पैसे तिचेच, आणि ओला व उरलेला कचरा तिनं महापालिकेच्या गाडीला ठरलेल्या फीडर पॉइंटवर नेऊन द्यायचा. सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, फी बुडवणारे लोक आहेत, पावसात माल भिजतो, शेडला जागा मिळत नाही, दर थोड्या वर्षांनी करारावरून ताणाताणी होते. पण ज्या बाईच्या हातात कचरा जातो तिचं पोट स्वच्छ वर्गीकरणावर आहे, ही त्यातली कळ आहे.

उलट टोक म्हणजे टनावर पैसे देणारे ठेके. ठेकेदाराला वजनकाट्यावर जितके टन तितके पैसे असतील तर तो सुका माल कशाला बाजूला काढू देईल, त्याला ओलं जड मिश्रणच बरं. मी एका गावात गाडीत राडारोडा आणि माती भरून काट्यावर नेताना डोळ्यांनी बघितलंय. तिथल्या मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले लोकांमध्ये जनजागृती करा. आता काय बोलणार. तुमच्या गावात ठेका कसा आहे ते नगरपरिषदेत जाऊन विचारा, टनावर आहे की घरांवर. टनावर असेल तर तुमच्या गेटबाहेर काय होतं ह्यावर तुमचा फार जोर चालणार नाही, पण गेटच्या आत बरंच करता येतं.

तुमच्याकडे गाडी सगळं एकत्र नेते ह्याला दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. एक, गाडीला मधे पार्टिशनच नाही, किंवा आहे पण एक कप्पा अर्ध्या फेरीत भरतो आणि दुसरा रिकामा राहतो. आपल्याकडच्या घरात निम्म्याहून जास्त वजन ओल्याचं असतं, भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, उरलेलं अन्न. सुकं हलकं पण फुगलेलं, जागा खातं. हा हिशोब न करता केलेला कप्पा पहिल्याच आठवड्यात बिनकामाचा होतो आणि ड्रायव्हर वैतागून फळीच काढून टाकतो. दुसरं कारण जास्त वाईट, गाडीत वेगळं आहे पण पुढे न्यायला जागाच नाही, ओल्याचं काही होत नाही, सगळं डेपोवर एकाच ढिगात. असं असेल तर लोकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा क्रम नेहमी उलटा असतो. आधी ओला कुठे जाणार ते ठरवायचं, मग सुका कोण घेणार ते, मग गाडी किंवा माणूस, आणि घरोघरी जाऊन सांगणं सगळ्यात शेवटी. बहुतेक कमिट्या सगळ्यात शेवटचं सगळ्यात आधी करतात कारण ते सोपं असतं आणि फोटो चांगले येतात.

गावं हे करू शकत नाहीत असं नाही. वेंगुर्ल्याचं उदाहरण सगळे देतात आणि मी पण देते, कारण छोटी नगरपरिषद आहे, पैसा मुंबई-पुण्यासारखा नाही. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना डंपिंग ग्राउंडचं रूपच पालटलं, ओल्याचा बायोगॅस आणि खत, सुक्याचे दोन डझनांहून जास्त प्रकार वेगळे काढायचे, न विकलं जाणारं प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात. लोक बाहेरगावाहून ते बघायला जायला लागले. तिथे रोज आलेला माल रोज वेगळ्या खणात पडत होता आणि प्रत्येक खणाला पुढे गिऱ्हाईक होतं, एरवीचं सगळं त्यानंतर. इंदूरचं पण लोक गाण्यांवर आणि दंडावर बोलतात, पण तिथे दिवसाला ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजीचा (म्हणजे कचऱ्यापासून गाड्यांना चालणारा गॅस करणारा) प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला, आणि असल्या प्लांटला प्लास्टिक मिसळलेला माल चालत नाही. शेवटच्या टोकाला शुद्ध मालाची गरज असली की ती गरज मागे मागे येत गाडीपर्यंत आणि दारापर्यंत पोचते.

एक थोडं विषयांतर. माझा भाचा जर्मनीत असतो, तो म्हणे इथले लोक किती शिस्तीचे, पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून दुकानात परत नेतात. म्हटलं बाबा तिथे बाटलीमागे २५ सेंट डिपॉझिट परत मिळतं, २००३ पासून. इथे सोड्याच्या काचेच्या बाटल्या आपणच नेऊन देत होतो की परत, तेव्हा कुणी शिस्तीचं म्हणालं नाही आपल्याला. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पण दुधाच्या पिशवीला ५० पैसे डिपॉझिटची कल्पना आली होती, ती दुकानापर्यंत पोचली असती तर माझ्या निम्म्या सभा वाचल्या असत्या.

आता तुमच्या १२० फ्लॅटचं बघू. घरटी दिवसाला साधारण दीड किलो धरा, म्हणजे १८० किलोच्या आसपास, त्यात ओला शंभर किलो. आकडा तुमचा तुम्ही मोजा, आठवडाभर गेटवर वजनकाटा ठेवून, भंगारवाल्याकडून भाड्यानं मिळतो. हे मोजणं टाळू नका कारण २०१६ च्या घनकचरा नियमांपासून मोठ्या सोसायट्यांनी ओला शक्यतो आवारातच जिरवावा असं आहे आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा असेल तर तुम्ही मोठ्या कचरा करणाऱ्यांत मोडता. नगरपरिषद कधीतरी नोटीस काढणारच, तेव्हा आकडे हाताशी असलेले बरे.

शंभर किलो ओल्याला मशीन लागत नाही. मी किमान सहा सोसायट्यांमध्ये ते महागडं मशीन ताडपत्रीखाली झाकलेलं बघितलंय, एका ठिकाणी तर त्यावर मांजर व्यायली होती. विकणारा चोवीस तासांत खत म्हणतो, चोवीस तासांत निघतो तो वाळलेला भुगा, खत नाही, कुंडीत टाकला की गरम होतो आणि झाड जळतं. शिवाय विजेचं बिल, आणि बंद पडलं की मेकॅनिक येईपर्यंत शंभर किलो रोज कुठे ठेवणार? त्यापेक्षा विटांचे किंवा जाळीचे हौद, हवा खेळेल असे, सहा ते आठ, आळीपाळीनं भरायचे. प्रत्येक थर ओल्यावर वाळलेला पाला नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एका बादलीला जवळजवळ एक बादली पाला (पाला आकारमानाने बघा, वजनाने नाही). चार-पाच दिवसांनी वरखाली करायचं. दीड-दोन महिन्यांत खत होतं आणि वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. वास आला म्हणजे दरवेळी एकच कारण असतं, ओल जास्त आणि पाला कमी. अंड्यासारखा वास आला तर उकरून पाला घाला, बस. पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच पाल्याची पोती भरून ठेवा, जूनमध्ये पाला शोधायला निघालात तर मिळत नाही आणि नेमकं तेव्हाच सगळं बिघडतं. हे सांगणारं कुणी नसतं म्हणून पहिल्या पावसाळ्यात निम्मे हौद बंद पडतात.

हौदावर रोज दोन तास काम करणारं माणूस लागतं आणि त्याला पगार द्यावा लागतो. "वॉचमन बघेल" असं ठरवू नका. वॉचमन बघत नाही.

सुक्यासाठी गावात आधीपासून फिरणाऱ्या भंगारवेचक बायका असतील, त्यांच्यातल्या दोघींना गाठा. एखादी खोली किंवा पार्किंगचा कोपरा, वर पत्रा, खाली कोबा, गोण्या टांगायला आडवा पाइप, एवढं द्या. घरटी महिन्याची फी ठरवा आणि ती मेंटेनन्समधूनच कापा, बायकांना दारोदार मागायला लावू नका, त्यात त्यांचा अर्धा महिना जातो आणि अपमान होतो तो वेगळाच. आणि फी देताय म्हणून सुक्या मालाच्या पैशावर सोसायटीनं हक्क सांगायचा नाही, ही एक गोष्ट कमिटीत भांडून ठरवून घ्या. दर मीटिंगला कुणीतरी हुशार माणूस उठतोच, "रद्दी-पुठ्ठ्याचे पैसे सोसायटीच्या फंडात घेऊ." तो पैसा घेतलात की ती बाई तुमची राहणार नाही. भंगाराचे भाव पण कायम नसतात, २००८ च्या मंदीत असे आपटले होते की गोळा करून नेण्याचा खर्च सुटत नव्हता, तेव्हा नुसत्या मालावर जगणाऱ्या बायकांचे फार हाल झाले. फी त्यासाठीच हवी.

सगळं सुकं विकलं जात नाही हे पण आधीच माहीत असू द्या. पुठ्ठा, पेपर, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिकच्या बरण्या, पत्रा, काच ह्याला कमी-जास्त भाव आहे. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, खाऊन चिकट झालेले पार्सलचे डबे, फाटकी चप्पल, ह्याला भंगारवाला हात लावत नाही. ती पाकिटं बऱ्याच ठिकाणी गोळा होऊन सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात, तेही कुणी वाहतुकीचे पैसे दिले तर. त्यामुळे "शून्य कचरा सोसायटी" वगैरे बोर्ड लावायची घाई करू नका, काही भाग घंटागाडीलाच द्यावा लागणार आहे.

आणि डायपर-सॅनिटरी पॅड. ह्यावर कमिट्या बोलत नाहीत, लाजतात, पण सगळ्यात जास्त चीड ह्याचीच असते, तुम्ही स्वतः गोणी निवडायला बसलात तर दहा मिनिटांत कळेल. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायचा आणि तिसऱ्या बादलीत वेगळं द्यायचं, पुण्यात ही पद्धत बायकांच्या मागणीवरूनच आली. फुटलेली काच पण कागदात बांधून, वर "काच" लिहून. बेंगळुरूत दोन डबे एक पिशवी अशी साधी रचना आहे, ओल्याला हिरवा, ह्या घाणीला लाल, सुक्याला पिशवी. तुम्हाला पण ह्याहून जास्त प्रकार नकोत. घरात दहा प्रकार करायला सांगाल तर लोक एकही करणार नाहीत, पुढचं बारीक निवडणं त्या बायकांना आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं येतं, नुसत्या आवाजावरून सांगतात कुठलं प्लास्टिक आहे ते.

दंडाचं. मी दंडाच्या अगदी विरोधात नाही, पण ज्या गाडीत सगळं एकत्र होतं त्या गावात दंड लावणं म्हणजे फसवणूक आहे. सोसायटीत तर दंडामुळे एवढंच होतं की लोक पिशवी रात्री शेजारच्या विंगच्या खाली ठेवतात, मग सीसीटीव्ही, मग भांडणं, मग सेक्रेटरी बदलतो. त्याऐवजी परत देण्याचा अधिकार द्या. मिसळलेला कचरा मावशी उचलणार नाहीत, दारातच राहील, आणि त्याची तक्रार कमिटीकडे आली तर कमिटी मावशींच्या बाजूनं उभी राहील. हे लेखी करून नोटीस बोर्डवर लावा. पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी मोठ्या आवाजाचा माणूस "दीडदमडीची बाई मला शिकवते" म्हणत खाली येणार आहे. त्या दिवशी कमिटी काय करते ह्यावर पुढचं सगळं आहे. एका ठिकाणी चेअरमन स्वतः त्या माणसाच्या दारात जाऊन बसले आणि त्याच्यासमोर त्याची पिशवी वर्तमानपत्रावर ओतून हातानं निवडली, पुन्हा त्याचा आवाज आला नाही. सगळ्यांना असे चेअरमन मिळत नाहीत हे मान्य.

तुमच्याकडे काही गोष्टी वेगळ्या असतील. निम्मे फ्लॅट भाड्यानं असतील तर लोक दर अकरा महिन्यांनी बदलणार, म्हणजे चावी देतानाच सांगायला हवं. आवारात मातीची जागाच नसेल तर हौदांऐवजी जवळच्या शेतकऱ्याशी किंवा नर्सरीशी बोला, तालुक्याच्या गावात ते जमतं, फक्त त्याला पहिल्याच दिवशी ब्लेड किंवा काच सापडली की तो बंद करणार. आणि तुमच्या नगरपरिषदेत धडपड्या आरोग्य निरीक्षक असेल तर निम्मं काम सोपं होतं, नसेल तर गेटच्या आतलं सांभाळा.

आणि हो, सुरुवात गणपती-दिवाळीच्या तोंडावर करू नका. गणपतीत निर्माल्य आणि थर्माकोल, दिवाळीच्या सफाईत गाद्या, उशा, जुने पडदे, रंगाचे डबे, आठवड्यात दोन महिन्यांचा माल खाली येतो आणि नवीन लागलेल्या बायका पळून जातात. तुळशीचं लग्न झालं की घ्या, तेव्हा हवा कोरडी असते, हौद पटकन बसतात आणि पाला पण पडायला लागलेला असतो. त्याआधीच्या दिवसांत एकच काम करा, तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या माणसाबरोबर एक सकाळ पूर्ण फिरा, पहिल्या मजल्यापासून गाडी जिथे रिकामी होते तिथपर्यंत, आणि मग इथे लिहा काय दिसलं ते. हौदांची मापं मी त्यानंतर सांगते.